पदपथ विभागातली खुर्ची

दि. ९ जानेवारी

चि. ठोंब्यास मावशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

ताईचं पत्र आलं. अर्ध्या पत्रात आनंद, आणि उरलेल्या अर्ध्यात आनंदाश्रूंनी पसरलेली शाई. त्यातून वेचून वेचून एवढं कळलं, की तुला बढती मिळाली, तू पदपथ विभागाचा अधिकारी झालास आणि खिडकीजवळची ती खुर्ची तुला मिळाली. तुझ्या बाबांची. तुझी आई म्हणते, बापाच्या खुर्चीत लेक बसला, जन्माचं सार्थक झालं.

मलाही बरं वाटलं रे. नाही कशाला म्हणू? पण खरं सांगते, धास्तीही वाटली. भावोजी त्या खुर्चीत बसले ते बसलेच. दुपारचा चहा टेबलावर गार झाला, कचेरी सुटली, माणसं डबे उचलून घरी गेली, आणि शिपाई दिवे मालवायला आला तेव्हा कुठे कळलं. नंतर जो तो सांगत होता, आम्हाला वाटलं डोळा लागला असेल. हाकेच्या अंतरावर बसलेली माणसं, पण हाक मारायला एकाचंही बूड हललं नाही. ताई अजून लोकांना सांगते, कामात असताना गेले. तिला तसंच सांगू दे.

असो. आनंदाच्या पत्रात हे नको होतं, पण माझ्या लेखणीला लगाम नाही हे तू जाणतोस. आता अधिकारी झालास तर एक काम कर. आमच्या दारासमोरचा पदपथ तुमच्याच कार्यालयाकडे येतो. त्याच्या ऐन मधोमध दिव्याचा खांब आहे. बारीक माणूस आडवा होऊन जातो, माझ्यासारखी रस्त्यावर उतरते आणि गाड्यांच्या शिव्या खाते. काम पूर्ण झाल्याची पाटीही आहे. ती त्याच खांबाला टांगली आहे. जमलं तर एकदा बघ.

तब्येतीला जप. आहे तो लोभ वाढला नाही तरी चालेल, आटू देऊ नकोस.

तुझी मावशी

दि. २१ जानेवारी

ती. मावशीस ठोंब्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अधिकाऱ्याला ठोंब्या म्हणणारी तू आता जगात एकटीच उरलीस, त्यामुळे तो मायना जपून ठेवतोय.

तुझ्या दारचा पदपथ मी कागदावर पाहिला. नकाशात तो अगदी सरळ आणि मोकळा आहे. नकाशावर खांब दिसत नाहीत, मावशी. आणि तो पूर्ण झाल्याची सही, सांगायला लाज वाटते, पण माझीच आहे, बढतीच्या आधीची. या विभागात आम्ही गावोगावचे पदपथ पट्टीने मोजतो. पायाने मोजायचे असतात, असं मला तरी कुणी सांगितलं नाही.

इथली रीत तुला कळायला हवी. आमच्याकडे माणसाची पायरी त्याच्या उठण्यावरून ओळखतात. नवा कारकून फाइलसाठी कपाटापर्यंत जातो. जुना कारकून बसल्या जागेवरून हात लांब करतो. मुख्य कारकून भुवई उडवतात. अधिकारी घंटी वाजवतो. आणि आमचे थोरले साहेब घंटीसुद्धा वाजवत नाहीत, नुसते खोकतात; त्या खोकल्यावर शिपाई धावतो. तसा एरवी तो धावणाऱ्यांतला नाही. सगळे त्याला वारा म्हणतात, कारण यायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. पण बढती मिळाल्याच्या दिवशी त्याने स्वतः माझ्या टेबलावर घंटी आणून ठेवली आणि बजावलं, की आता साहेबांनी उठायचं नाही, शोभत नाही.

तर मी उठत नाही. आणि आता जे लिहितो ते आईला कळू देऊ नकोस. माझी उजवी पोटरी सुजायला लागली आहे. संध्याकाळी बूट निघता निघत नाही, पायाला मुंग्या येतात. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिला आणि बाबांचं काय झालं होतं ते विचारलं. म्हणाल्या, पायात रक्त साकळतंय, अजून गाठ झालेली नाही, पण झाली आणि वर सरकली तर मला बोलवायलाही वेळ मिळणार नाही. गोळ्या दिल्या. पण गोळ्यांपेक्षा दर तासाला उठून चाला, म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की मी अधिकारी आहे, मला उठता येत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदरचे पैसे देऊन निमूट बाहेर आलो.

काय करू ते तूच सांग. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा ठोंब्या

दि. २ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद, आणि त्याच्या पोटरीस वेगळे, ज्यादाचे.

पत्र वाचताना खोकणाऱ्या साहेबांपर्यंत मी एकटीच खो खो हसत होते. डॉक्टरीणबाई आल्या आणि हसू जागच्या जागी विरलं.

अरे शहाण्या, मी शाळेत चार बुकं शिकले आणि पुढचं सगळं कापड गुंडाळायच्या रद्दीतून वाचलं. पण एवढं मलाही कळतं, की देवाने माणसाला दोन पाय दिले ते टेबलाखाली ठेवायला नव्हे. पाय ठेवायलाच हवे होते तर चार दिले असते, म्हणजे खुर्चीची गरज उरली नसती. तू आमच्या दारचा पदपथ पूर्ण केलास तोही बसून! पोहायला न उतरता नदीची खोली सांगणारे पाहिले होते, पण चालायला न उतरता वाट पास करणारा आमच्याच घरात निघाला.

आता म्हणशील, मावशीला उभं राहण्याचं कौतुक. मुळीच नाही. कापडाच्या दुकानात मी उभ्या उभ्या म्हातारी झाले. मालकाने एकुलतं एक स्टूल माळ्यावर टाकून दिलं होतं. त्याचं म्हणणं, विकणारी बाई बसलेली दिसली की गिऱ्हाइकाला मालही बसलेला वाटतो. ठाणं उलगडायची, ठाणं गुंडाळायची, आणि गिऱ्हाईक नसलं तरी ताठ उभं राहायचं. माझ्या पायांवरच्या निळ्या शिरा तू लहानपणी बोटाने गिरवायचास, आठवतं? तुमच्या नकाशापेक्षा तो नकाशा खरा आहे. तेव्हा उभा राहा असं मी सांगणार नाही. उभा तर आमच्या दारातला खांबही असतो. तू चाल.

लाज वाटत असेल तर निमित्तं काढ. पाणी आपलं आपण आण. फाइल हवी तर कपाटाशी जा, कपाट चावत नाही. खिडकी उघड, खिडकी लाव. चार दिवस लोक बोलतील. बोलू देत, तेवढाच त्यांच्या जिभेला व्यायाम.

आणि यापुढे दर पत्रात पहिली ओळ पायाची लिहायची. बाकीचा मजकूर मागाहून. ताईला मी कळवत नाही, पण पहिली ओळ चुकली तर पुढच्या टपालाने कळवीन.

मायेचा दोर इकडून घट्ट आहे, तिकडचं टोक तू सोडू नकोस.

तुझी मावशी

दि. ६ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पाय: मध्ये आठवडाभर उतरला होता. आता पुन्हा सुजला आहे. कसा ते सांगतो.

तू सांगितलंस तसं केलं. पहिल्याच दिवशी पेला घेऊन उठलो आणि व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या पिंपाकडे निघालो. मावशी, खोलीतले पंखे सोडून सगळं थांबलं. मुख्य कारकून मला पाहून आदराने अर्धे उठले, मग कुणी येत नसून कुणी जातंय हे लक्षात येऊन पुन्हा बसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन बातम्या पसरल्या. एक, माझी बढती रद्द झाली. दोन, मला लघवीचा विकार आहे. तीन, कोण डुलक्या घेतंय ते पाहून मी थोरल्या साहेबांना सांगतो. तिसरीवर सगळ्यांचा विश्वास बसला. माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवरची माणसं एकदम कामाला लागायची.

वारा तर पिंपाशी डोळे पुसत उभा. माझ्या हातचं पाणी गोड लागत नाही का, म्हणून विचारलं त्याने. दुसऱ्या दिवसापासून त्याने तोड काढली: मी पुढे चालायचो आणि तो पेला घेऊन मागून. माझ्या चालण्यालाही शिपाई मिळाला. तरी चालणं होत होतं, आणि पाय उतरत होता.

मग थोरले साहेब खोकले आणि मला आत बोलावलं. मला वाटलं, झाडणार. पण त्यांनीही कुठेतरी बसण्याच्या तोट्यांविषयी वाचलं होतं. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि कार्यालयात अभियान सुरू करत असल्याचं सांगितलं. पहिल्यांदा व्याख्यान झालं: ‘बैठी जीवनशैली, एक गंभीर धोका’. दुपारच्या जेवणापासून कचेरी सुटेपर्यंत. जास्तीच्या गादीच्या खुर्च्या भाड्याने आणल्या होत्या. ध्वनिक्षेपकाची तार आखूड होती म्हणून वक्तेही बसूनच बोलले. श्रोत्यांना उठावं लागू नये म्हणून चहा जागेवर पोचवला.

त्यानंतर समिती नेमली. समिती फार बसली आणि तिने असं ठरवलं, की वरचेवर घंटा होईल. पहिल्या घंटेला सर्वांनी जागेवर उभं राहायचं, दुसऱ्या घंटेला बसायचं. मधल्या वेळात कुणीही जागा सोडायची नाही, नाहीतर कोण अभियानासाठी उठलं आणि कोण उगाच उठलं हे कळणार नाही. घंटा वाजवायला आणि नजर ठेवायला वाऱ्याला नेमलं. त्याच्यासाठी दाराशी एक उंच खुर्ची केली. म्हणजे साऱ्या कार्यालयात चालणारा जो एक माणूस होता, तोही आता बसला. त्याला मात्र याचा अपार आनंद आहे. परवा बायकोला खुर्ची दाखवायला घेऊन आला होता. आणि काल त्याने रीतसर अर्ज केला, की आपल्याला पाणी आणून द्यायला एक शिपाई मिळावा.

अहवालात माझं नाव ‘प्रेरणास्थान’ म्हणून छापलंय. आईने तो कागद भिंतीवर लावला. प्रेरणास्थानाने घंटेशिवाय उठणं बरं दिसत नाही, असं साहेब म्हणाले. म्हणून आता पिंपाकडे जाणं बंद.

कळावे, रागावलीस तरी लोभ धरून राग धरावा.

तुझा ठोंब्या

दि. १४ मार्च

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

याला म्हणतात दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तुझ्या पायासाठी सगळी कचेरी उभी राहिली, आणि तुझा पाय तेवढा बसवून ठेवला! समिती फार बसली हे वाक्य मी शेजारणीला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती हसली नाही, कारण तिचाही मुलगा कुठल्याशा समितीत आहे.

वाऱ्यावर मी रागावणार नाही. जन्मभर उभ्या राहिलेल्याला खुर्ची दिली तर तो बसणारच. मलासुद्धा दुकानात कुणी स्टूल दिलं असतं तर मी त्यावर मांडी घालून राज्य केलं असतं. राग आहे तो तुझ्यावर. प्रेरणास्थान म्हणे! दुकानात आमच्याकडेही एक होतं, काचेच्या कपाटात, नवा कोट घातलेलं. रोज धूळ पुसायचो त्याची. त्यालाही उठायची परवानगी नव्हती.

आता हसणं पुरे. ती खुर्ची मी पाहिली आहे, बाळा. भावोजी गेल्यावर त्यांचा चष्मा आणि डबा आणायला ताईबरोबर मीच आले होते. डाव्या हाताचं लाकूड त्यांच्या कोपराने झिजून गुळगुळीत झालेलं. शेजारच्या टेबलावरचे ते मुख्य कारकून, तेव्हा केस काळे होते त्यांचे, बसल्या बसल्याच आम्हाला म्हणाले, की फार शांतपणे गेले हो. तेव्हा मला कडाडून ओरडावंसं वाटलं होतं, की तुम्ही शांत होता म्हणून ते शांतपणे गेले. ओरडले नाही. ताईचा हात माझ्या हातात होता.

म्हणून विचारते. घंटेशिवाय उठलास तर काय करतील? फासावर देतील? खुर्ची काढून घेतील, एवढंच ना? मग ती त्यांना दे की. त्यांच्याकडे खुर्च्या पुष्कळ आहेत, आमच्याकडे तू एकच.

आजपुरता लोभ माझ्याकडेच ठेवते. उठलास की पाठवीन.

मावशी

दि. ३० मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पाय: उतरतोय. यावेळी खराच.

लोभ पाठवून दे, मी उठलो.

तुझं पत्र खिशात होतं, पण त्याच्यामुळे उठलो म्हटलं तर खोटं होईल. दुपारची वेळ. जेवणं झालेली, पडदे ओढलेले, पंखे सुस्त. पहिली घंटा व्हायला बराच अवकाश होता. माझी नजर सहज मुख्य कारकुनांकडे गेली. तेच, तू लिहिलेले. मान छातीवर पडलेली, हात टेबलाखाली लोंबत होता, आणि पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

मी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं होतं गं. पलीकडच्या कारकुनाने मला खुणेनेच सांगितलं, की डोळा लागलाय. मी वाऱ्याकडे पाहिलं. वाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं, आणि अजून वेळ आहे अशी मान हलवली. मला एकदम त्या दुपारची ही खोली दिसली. बाबांचा चहाही असाच निवत गेला असेल, आणि कुणीतरी अशीच मान हलवली असेल.

मी उठलो. पाय बधिर होता, त्याची मला आठवण राहिली नाही. पहिल्याच पावलाला कोलमडलो, टेबलांच्या कडा धरत, लोकांच्या फाइली पाडत, त्यांच्यापाशी पोचलो आणि दोन्ही खांदे धरून काका, काका म्हणून ओरडत गदागदा हलवलं.

आणि मावशी, ते घोरत जागे झाले. ते नुसते झोपले होते! हात उडाला, चहा लवंडला, आणि टेबलावरच्या नकाशातले एका सबंध गावाचे पदपथ चहात बुडाले. खोली हसून हसून लोटपोट. ते लालबुंद झाले. मी काय मेलोय का, असं मला सर्वांदेखत विचारलं त्यांनी. मला ‘नाही’ एवढंच म्हणता आलं. मग माझे डोळे भरून आले, आणि लोक आणखीच हसले.

तक्रार संध्याकाळच्या आत झाली. घंटेशिवाय जागा सोडली, ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या अंगाला हात लावला, नकाशाचं नुकसान केलं, आणि अभियानाच्या प्रेरणास्थानानेच अभियानाची शिस्त मोडली. थोरले साहेब या खेपेला खोकले नाहीत, सरळ बोलले. माझी खुर्ची काढून मला पाहणी पथकात टाकलंय. म्हणजे नकाशातले पदपथ जागेवर आहेत की नाहीत, ते गावोगाव पायी फिरून बघायचं. आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, हे मी औषध म्हणून लिहून दिलं असतं तर तुमच्या कचेरीने सात वर्षं मंजूर केलं नसतं.

शेवटच्या दिवशी सामान आवरत होतो तेव्हा मुख्य कारकून माझ्या टेबलाशी आले. उठून, चालत. मला वाटलं, आणखी काही बोलायचं राहिलंय. बराच वेळ ते खुर्चीच्या डाव्या हातावर हात फिरवत उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, की तू गेल्यावर दुपारी मला हाक मारायला कुणाला तरी सांगून जा. मी वाऱ्याला सांगितलंय. तो हो म्हणाला, पण खुर्चीतूनच म्हणाला.

आईने अबोला धरलाय. अहवालाचा कागद अजून भिंतीवर आहे, फक्त तोंड भिंतीकडे करून. तिला कसं समजवायचं ते कळत नाही.

पहिली पाहणी तुझ्या गावाची मागून घेतली आहे. लोभ रोख घ्यायला येतोय.

तुझा ठोंब्या

दि. १६ एप्रिल

चि. ठोंब्यास अनेक, पोटभर, दोन्ही पायांना पुरून उरतील इतके आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आधी डोळे पुसून घेतले, मग हसले. तुझ्या बाबतीत हा क्रम पहिल्यांदाच उलटा झाला. झोपलेल्या माणसाला उठवल्याबद्दल जागेपणी शिक्षा मिळालेला तू पहिलाच. आणि शिक्षा तरी कसली, तर चालायची! मी मेले तरी तुमच्या कार्यालयाला दुवा देत राहीन.

माणूस नुसता झोपला होता म्हणून तू ओशाळलास, ते मनातून काढून टाक. भावोजींच्या वेळी कुणीतरी असंच ओशाळायला हवं होतं. त्यांनी डोळे उघडून चारचौघांत शिव्या घातल्या असत्या, आणि त्या ऐकत मी जन्मभर आनंदाने हसले असते.

ताईला मी वेगळं पत्र टाकलंय. फार काही लिहिलं नाही. मागच्या खेपेला माणूस गेला आणि खुर्ची राहिली. या खेपेला खुर्ची गेली आणि माणूस राहिला. यातलं कुठलं बरं, ते ताई तूच ठरव, एवढंच. तिचं उत्तर आलं आहे. पुन्हा शाई पसरलेली. त्यातून मला वाचता आलं ते असं, की त्याला चालायचे बूट कुठले घ्यावेत.

आता तुझ्या पाहणीचं. गाडीतळावरून उतरलास की रिक्षा करू नकोस. सरकारी काम आहे, पायीच ये. घरापर्यंतचा पदपथ तू सही करून पूर्ण केलेला आहे, तेव्हा त्याच्यावरूनच यायचं, रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. पहिल्या वळणावर तो खचला आहे, दवाखान्यापुढे तो नाहीच, आणि मग आमचा खांब लागेल. खांबापाशी आडवा हो, पोट आत घे आणि आत घेताना स्वतःची सही आठव. मी दारातच असेन. खुर्ची मुद्दाम बाहेर काढणार नाही. आपण दोघं आधी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ. माझे पाय थकलेत, तुझा एक नुकता जागा झालाय, जोडी छान दिसेल.

हे पत्र टपालाने तुझ्याआधी पोचेल असं वाटत नाही. तरी पेटीत टाकून येते, तेवढंच माझं चालणं. लोभ बसता नको, चालता ठेव.

तुझी मावशी